मनगटाची जखम भरली, करंगळी बधिरच राहिली : नसेची इजा छोट्या दवाखान्यात कशी ओळखायची, कुणाला कधी पाठवायचं?

शिवारातला डॉक्टर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे, १८ वर्षं झाली. आज जे लिहितोय ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

मागच्या सोमवारी १९ वर्षांचा एक मुलगा तापासाठी आला. गोळ्यांची पुडी हातात घेताना त्याची करंगळी आणि अनामिका आकड्यासारखी वळलेली दिसली. हात उताणा-पालथा करून पाहिला. उजव्या मनगटावर करंगळीच्या बाजूला दीड इंचाचा व्रण, स्वच्छ भरलेला. पालथ्या पंजावर अंगठा आणि तर्जनीच्या मधे जो गुबगुबीत उंचवटा असतो, तिथे खड्डा. चार महिन्यांपूर्वी खिडकीची काच लागली होती म्हणाला. जिथे गेला तिथे रक्त थांबवलं, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, वेळेवर टाके काढले. करंगळी बधिर आहे हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "टाक्यांमुळे आहे, होईल हळूहळू."

मी दोन्ही हातांत एकेक कागद दिला, अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायला सांगितला आणि ओढला. डाव्या हाताने सरळ अंगठ्याने घट्ट धरून ठेवला. उजवा अंगठा पेरातून वाकला, तरी कागद निसटला. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. आयटीआयला फिटरचा कोर्स करतोय.

"होईल हळूहळू" मीही कित्येकांना म्हटलेलं आहे. त्यातल्या कुणाची नस तुटलेली होती का, ते मी तपासलंच नव्हतं. म्हणून विचारतो : यंत्र नाही, वेळ पाच मिनिटं, बाहेर वीस पेशंट बसलेले. अशा वेळी नेमकं काय बघायचं? त्याच दिवशी कुणाला पाठवायचं, कुणाची वाट बघायची? आणि चिठ्ठीत काय लिहायचं? डॉक्टर, फिजिओ, सिस्टर, ज्यांना हे स्वतःला झालंय ते, सगळ्यांनी लिहा.


गोदाकाठ | रविवार, रात्री १०.०५

वाचून अंगावर काटा आला. माझ्याही तर्जनीचं टोक सात वर्षं बधिर आहे, बाटली फुटून लागलं होतं. मला वाटायचं जखमेनंतर असं राहतंच.


हाडं आणि सांधे | रविवार, रात्री ११.२०

डॉक्टरसाहेब, धागा काढलात फार बरं केलंत. मी नाशिकमध्ये अस्थिरोग बघतो, हातांच्या इजा रोजच्या आहेत.

आधी तुमच्या मुलासारखी केस. काच, कोयता, पत्रा, ग्राइंडर, कशानेही कापलेलं असो. जखमेच्या पलीकडे बधिरपणा आहे किंवा एखादी हालचाल गेली आहे, तर नस तुटली असंच धरून चालायचं. जखम किती छोटी दिसते याला काही अर्थ नाही, काचेचा टोकदार तुकडा अर्ध्या इंचाच्या जखमेतून खोल जातो. अशा माणसाला त्याच दिवशी फोन करून पाठवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उघडून पाहिलं तर दोन्ही टोकं समोरासमोर मिळतात, सरळ जोडता येतात. महिने गेले की टोकं आखडतात, गाठ धरतात. मग तेवढा भाग कापून मधे पोटरीतली एक नस काढून जोड द्यावा लागतो.

बंद इजेचं वेगळं. हाड मोडलं, हात दाबला गेला, मार बसला, पण कातडी शाबूत आहे. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये केलेली विभागणी आजही कामाची आहे. पहिल्या प्रकारात नस नुसती बधिर होते, आतले तंतू शाबूत, दिवसांत ते काही आठवड्यांत परत येते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण वरचं आवरण टिकतं, त्याच वाटेने तंतू पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं, तिथे ऑपरेशनशिवाय काही होत नाही. पहिल्या दिवशी पहिला आणि दुसरा प्रकार ओळखता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा तपासणं आणि दर वेळी लिहून ठेवणं, हाच उपाय. दंडाचं हाड मोडून मनगट पडलेले, म्हणजे ते वर उचलता न येणारे, बहुतेक पेशंट आपोआप सुधारतात. पण तीन महिने झाले आणि काहीच हललं नाही, तर वाट बघणं थांबवायचं.

नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते. कोपरापासून पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटर धरा, म्हणजे ३०० दिवस. आणि नस नसलेला स्नायू १२ ते १८ महिनेच तग धरतो, त्यानंतर नस पोचली तरी तो उठत नाही. म्हणजे सहा महिने "बघू"मध्ये घालवले की गणित बसतच नाही. तुमच्या मुलाचा कट मनगटाशी आहे, अंतर कमी आहे. चार महिने गेलेत, तरी उद्याच पाठवा.


पिंपळगावची बाग | सोमवार, सकाळी ६.५०

मी शेतकरी, डॉक्टरकीतलं कळत नाही. पण हाडंवाल्या डॉक्टरांचे तीन प्रकार वाचून ठिबकच डोळ्यांपुढे आलं. नळी मुरडली, पाणी थांबलं, सरळ केली की चालू. नळी आतून तुंबली, बाहेरून धड दिसते. आणि उंदराने कुरतडली, तिथे जोड टाकल्याशिवाय पाणी पुढे जात नाही. आमच्या गड्यांना असंच सांगेन म्हणतो.


हाडं आणि सांधे | सोमवार, सकाळी ७.३०

@पिंपळगावची बाग : दादा, सुंदर. मी आजपासून ओपीडीत हेच वापरतो. एकच दुरुस्ती. नळी जोडली की पाणी लगेच पुढे जातं. नस जोडली तरी पुढचा सगळा तुकडा मरतो आणि वरून नवीन फूट यावी लागते. त्या बाबतीत ती नळीपेक्षा तुमच्या द्राक्षवेलीच्या जवळची. छाटणीनंतर डोळा फुटायला जसे दिवस द्यावे लागतात तसे.


पिंपळगावची बाग | सोमवार, दुपारी १.१५

मग एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कांदा लागवड चालू होती. बायांची टोळी उक्त्याने लावणीला. सकाळी सातपासून उकिडवं बसून वाफा पुढे पुढे सरकायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ताई उठली आणि चालताना उजवा पाय फटफट आपटायला लागला. पंजा वर येईचना. चप्पल बांधावरच राहून गेली. घरच्यांनी बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावला, दुसऱ्या दिवशी नारळ उतरवून टाकला. मी गाडी काढून नाशिकला नेली. डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्यावर बोट दाबलं आणि विचारलं, "ताई, उकिडवं बसून काम करता का?" मी बघतच राहिलो. दीड-दोन महिन्यांत पाय पूर्ण बरा झाला. पायाला प्लास्टिकचा साचा दिला होता आणि उकिडवं बसणं बंद. आता आमच्याकडे लावणीला दर अर्ध्या तासाला उठून दोन वाफे चालायचा नियम आहे. मुकादम कुरकुरतो, पण मी ऐकत नाही.


शिवारातला डॉक्टर | सोमवार, दुपारी ३.००

हे माझ्याकडे दर हंगामात येतं आणि मी कंबरेची नस समजून कंबरेचा एक्स-रे काढायला लावतो. दोन्हींत पाय पडतो. फरक कसा करायचा?


फिजिओताई | सोमवार, सायंकाळी ५.४०

सर, पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा, आपल्या हाताचा विरोध देऊन. गुडघ्याशी दबलेल्या नसेत ही ताकद शाबूत असते. कंबरेतून पाचवी नस दबली असेल तर पाऊल आत वळवणंही अशक्त असतं, आणि बहुतेकदा कंबरेपासून कळ उतरत येते.

दुसरं, कळकळीने सांगते. पाठवायचं की नाही हे ठरेपर्यंत हातपाय लोंबत ठेवू नका. मनगट पडलं असेल तर पहिल्याच दिवशी मनगट वर राहील अशी पट्टी द्या, लाकडी असो की प्लॅस्टरची. बोटांचे सांधे दुसऱ्या हाताने दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण उघडा-मिटायला शिकवा. नस वर्षाने आली आणि तोवर सांधे आखडून गेले, तर ती येऊन करणार काय?

आणि शेक. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, पायाला मुंग्या म्हणून रोज रात्री गरम पाण्याची पिशवी. पिशवी गळत होती, त्यांना कळलंच नाही. सकाळी सुनेने चादर उचलली तर पावलाला फोडच फोड. बधिर कातडीला शेक नाही, म्हणजे नाही. प्रत्येक चिठ्ठीवर हे लिहा.


वैद्यकुलीन | सोमवार, रात्री ८.१०

तेलाच्या मालिशने मात्र फरक पडतो हे मी घरी पाहिलं आहे. सगळ्यालाच ऑपरेशन कशाला? आमच्या वडिलांचा हात पडला होता, महानारायण तेलाने तीन आठवड्यांत आला.


हाडं आणि सांधे | सोमवार, रात्री ९.००

@वैद्यकुलीन : हात आला याचा आनंदच आहे. बहुधा झोपेत दंड दबून झालेलं असणार, सेडनचा पहिला प्रकार, तो तीन आठवड्यांत येतोच. मालिशला माझा विरोध नाही, त्वचा मऊ राहते, माणूस रोज आपल्या हाताकडे बघतो. विरोध आहे तो कापलेल्या नसेवर मालिश करत महिने घालवण्याला.


आडगावकर | सोमवार, रात्री ११.५०

मालिशचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा होता. मुंबई-आग्रा हायवेला दुचाकीवरून पडला, खांदा आणि मान जोरात आपटली. हाड एकच मोडलं होतं, गळपट्टीचं, ते जुळलं. हात मात्र खांद्यापासून लोंबत होता. एका दवाखान्यात सांगितलं, सूज उतरली की येईल. आम्ही अकरा महिने मालिश केली. आई रोज सकाळी सात वाजता तेलाची वाटी घेऊन बसायची.

अकराव्या महिन्यात मुंबईला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याकडे बघून विचारलं, "ही पापणी पहिल्यापासून खाली आहे का?" आम्ही फोटो काढून बघितले. अपघातानंतरची होती. मानेतून निघणाऱ्या नसांची मुळंच उपटली गेल्याची ती खूण, असं त्यांनी समजावलं. नसेचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांच्या आत करायचं असतं म्हणाले. शेवटी मांडीचा स्नायू दंडात बसवला. आता कोपर वाकतो. बोटं नाहीत.

अकरा महिने ती पापणी आमच्या रोज समोर होती.


सिस्टर पंचवटी | मंगळवार, सकाळी ७.२०

आडगावकर दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

मी इंजेक्शनबद्दल सांगते. लहान मुलांना कुल्ल्यात इंजेक्शन दिलं आणि मूल लगेच कळवळलं, पायात वीज गेल्यासारखं झालं, मग पाय ओढायला लागलं, तर ते अंगावर काढू नका. कुल्ल्यातून मांडीत उतरणाऱ्या मोठ्या नसेला इजा झालेली असू शकते. मोठ्यांना द्यायचं तर वरच्या बाहेरच्या चौथ्या भागातच, आणि लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. तरी काही ठिकाणी पोराला आईच्या मांडीवर पालथं टाकून दिसेल तिथे सुई टोचतात.

आणि १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण इंजेक्शन वाटो की काही वाटो, सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवावंच लागतं. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तरी ही पाळत चालू आहे. लोकांना वाटतं कशाला लफडं. अहो, त्या निमित्ताने त्या लेकराची नस कुणीतरी नीट तपासतं.


येवलेकर | मंगळवार, सकाळी ९.४५

आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस आकाश झाकलेलं असतं, घराघरात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो येतोच. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचं मधलं बोट त्याने कापलं. टाके पडले. पोर काही सांगेना, बोटाला हात लावला की नुसतं रडायचं. बधिर आहे का नाही ते कळणार कसं?

टाके काढल्यावर, जखम सुकल्यावर, डॉक्टरीणबाईंनी काय केलं माहितीये? कोमट पाण्याच्या भांड्यात त्याचे दोन्ही हात अर्धा तास बुडवून ठेवले, हातात खेळायला प्लास्टिकची बदकं दिली. बाहेर काढले तर नऊ बोटं आणि मधल्या बोटाची एक बाजू सुरकुतलेली, दुसरी बाजू गुळगुळीत. त्या बाजूची नस तुटलेली निघाली. ऑपरेशन झालं, आता त्याला गोटी आणि बोर डोळे मिटून ओळखता येतं.


तपासणी तंत्रज्ञ | मंगळवार, दुपारी २.३०

@येवलेकर : ही तपासणी खरी आहे. नस तुटली की त्या भागाच्या रक्तवाहिन्या आकसत नाहीत, म्हणून सुरकुती नाही. घामही बंद होतो. स्वच्छ प्लास्टिकचं पेन बोटावरून हलकं ओढून बघा, चांगल्या बोटावर ते किंचित अडकतं, कोरड्या बोटावर सरसर घसरतं.

माझं काम नसांची वहन-तपासणी करायचं. दोन गाऱ्हाणी मांडतो. एक, लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासणीला पाठवतात. तुटलेल्या नसेचा पुढचा तुकडा पहिले काही दिवस वीज वाहतो, रिपोर्ट जवळपास नॉर्मल येतो आणि घरचे पेढे वाटतात. बंद इजेत तीन आठवड्यांनी पाठवा, मग तीन महिन्यांनी पुन्हा. आणि कापलेल्या जखमेत तीन आठवड्यांची वाट बघत बसू नका, हाडंवाले सर म्हणाले तसं आधी सर्जन. दोन, चिठ्ठीवर फक्त "एनसीव्ही करा" असतं. कुठली नस, कुठला हात, कधीपासून, काहीच नाही. मग मी पेशंटलाच विचारत बसतो.


पेठचा शिक्षक | मंगळवार, सायंकाळी ६.१५

एक वेगळी बाजू मांडतो. इथे सगळे "पाठवा, पाठवा" म्हणताहेत. आमच्याकडून नाशिकला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही. चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी" एवढंच. मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढेपर्यंत अकरा, या खिडकीतून त्या खिडकीत दोन वाजतात, "ही ओपीडी गुरुवारी असते" असं कळतं. माझा एक विद्यार्थी असा दोनदा परत आला. तिसऱ्यांदा गेलाच नाही. मग आपण म्हणतो, आदिवासी लोक उपचार घेत नाहीत. सगळ्या मुंग्यांना पाठवत सुटलात तर ज्याला खरंच गरज आहे तोही जायचा थांबेल.


शिवारातला डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.३०

सर, तुमचं शंभर टक्के पटलं. चिठ्ठी म्हणजे पेशंटला दारातून बाहेर काढायचा कागद नव्हे. इथून पुढे मी आधी फोन करणार, कुठली ओपीडी, कुठल्या वारी, हे विचारून चिठ्ठीवर लिहिणार.


सातपूरचा निवृत्त | बुधवार, सकाळी ८.००

मला १४ वर्षं मधुमेह. चालताना पायातून चप्पल निसटायची, चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. गादीवर चालल्यासारखं वाटायचं. मी मेडिकलमधून लाल इंजेक्शनं आणून घ्यायचो, कोर्सवर कोर्स. बरं वाटायचं म्हणजे वाटायचं. शेवटी टाचेत बारीक टाचणी रुतलेली सुनेला दिसली, मला पत्ता नव्हता. मग तपासणी झाली : नायलॉनच्या दोऱ्याने तळवा दहा ठिकाणी टोचून बघितला, घोट्यावर कंप पावणारा चिमटा ठेवला. मला सहा ठिकाणी कळलं नाही. आता रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवे बघतो. सौ. म्हणते, आयुष्यभर तोंड इतकं निरखलं नाही तितके तळवे निरखता!


हाडं आणि सांधे | बुधवार, सकाळी ८.४०

काका, वहिनींना सांगा, हीच सवय पाय वाचवते. तो दोरा १० ग्रॅम दाबाला वाकतो, आणि कंपाचा चिमटा १२८ हर्ट्झचा. दोन्ही स्वस्त आहेत, प्रत्येक दवाखान्यात हवेत. लाल इंजेक्शन म्हणजे बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत बी-१२ कमी पडतं, त्यांची तपासणी करून ते द्यायलाच हवं. पण तुटलेली किंवा दबलेली नस त्याने जोडली जात नाही.

पेठच्या सरांच्या मुद्द्यावर : दोन्ही पायांना मोज्यासारख्या, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणाऱ्या मुंग्या असतील तर आधी साखर, बी-१२, थायरॉइड, दारूचा इतिहास तुमच्याच दवाखान्यात बघा. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं, अंगठा आणि पुढची दोन बोटं, अशा ताईंना मनगट सरळ ठेवणारी पट्टी द्या, सहा आठवडे बघा. अंगठ्याचा उंचवटा बसायला लागला तर मात्र थांबू नका.

आणि एक जण तासही थांबता कामा नये. दोन्ही पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर चढत जातोय, गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही, त्याआधी जुलाब किंवा सर्दी झाली होती. हे गीया-बारे (जीबीएस) असू शकतं, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याची साथ आली होती, सगळ्यांना आठवत असेल. एका श्वासात वीसपर्यंत मोजायला लावा. जमत नसेल तर श्वासाचे स्नायू थकताहेत. १०८ बोलवा.


जुना कुष्ठसेवक | बुधवार, सायंकाळी ७.००

मी उशिरा आलो या धाग्यावर. सुरगाणा, पेठ, इगतपुरी या भागांत बत्तीस वर्षं कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून हिंडलो. डॉक्टरसाहेबांनी विचारलेली पाच मिनिटांची तपासणी आम्ही झाडाखाली, गोठ्यात, यात्रेत केली आहे. यंत्र म्हणजे खिशातलं बॉलपेन.

पेशंटला आधी डोळे उघडे ठेवून दाखवायचं. पेनाचं टोक कातडीवर टेकवायचं, हलका खड्डा पडेल इतकंच, ओढायचं नाही. मग डोळे मिटायला सांगायचं आणि टेकवलं तिथे त्याने बोट ठेवायचं. "कळतंय का?" असं विचारायचं नाही. आपला माणूस डॉक्टरांचं मन राखायला "हो" म्हणतो. बोट भलतीकडे गेलं की समजायचं. करंगळीचं टोक एका नसेचं, तर्जनीचं टोक दुसरीचं, अंगठ्यामागचा बेचका तिसरीचा.

मग ताकद. करंगळी बाहेर ढकलायला सांगा. तळहात आभाळाकडे ठेवून अंगठा सरळ वर उभा करायला सांगा. मूठ धरून मनगट मागे. पाऊल वर. डोळे घट्ट मिटणं. प्रत्येकाला आपल्या बोटाने विरोध द्यायचा आणि लिहायचं : सबळ, अशक्त, लुळा. दर महिन्याला तेच, त्याच क्रमाने. गेल्या महिन्यात सबळ, या महिन्यात अशक्त, म्हणजे नस जळतेय. दुखत नसली तरी. कुष्ठरोगात नस मुकाट्यानेही जाते. सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू झालं तर पुष्कळदा परत येते, त्यानंतर आशा कमी.

कोपराच्या आतल्या बाजूच्या खाचेत बोट फिरवून नस चाचपायची, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत. दोन्ही बाजू. दोरीसारखी जाड लागली, तर अंगावर फिकट बधिर चट्टा शोधायचा. २००५ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवर दूरीकरण जाहीर झालं, म्हणजे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झालं. रोग संपला नाही. नवे डॉक्टर नाव विसरले आणि पेशंट त्वचेच्या मलमावर वर्षं काढतात. वाकडी करंगळी घेऊन कुणी आलं आणि जखमेचा व्रण नसेल, तर माझ्यासाठी हे एवढं आठवा.


फिजिओताई | बुधवार, रात्री ८.२०

काका, तुमची ही पोस्ट मी छापून भिंतीला लावणार आहे.


भाषाप्रेमी नाशिककर | बुधवार, रात्री १०.१०

थोडं अवांतर. "नस" आणि "शीर" हे दोन शब्द आपण रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि मज्जातंतू, तिन्हींना वापरतो. पेशंट म्हणतो "नस कापली", समोरचा रक्त थांबलेलं बघतो आणि म्हणतो "नस ठीक आहे". दोघंही खरं बोलले. धाग्यातल्या मुलाच्या बाबतीत असंच झालं नसेल ना?


शिवारातला डॉक्टर | बुधवार, रात्री १०.५०

हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि बधिरपणालाही माझ्याकडे मुंग्या, झिणझिण्या, जड, सुन्न, मेल्यासारखं, कापूस लागल्यासारखं इतके शब्द येतात. काकांचं पेन म्हणूनच बरं, शब्दाची गरजच नाही.

सगळ्यांचं वाचून मी चिठ्ठी अशी करणार आहे. इजेची तारीख आणि वेळ, कशाने झाली, उघडी की बंद. कुठला हात चालता, काम काय करतो. कुठल्या बोटाला पेन कळत नाही, ते हाताच्या चित्रावर रंगवून. पाच हालचालींची ताकद आणि तारीख, आधीची नोंद असेल तर तीही. साखर, बी-१२, चट्टा आहे की नाही. पट्टी दिली का. शेवटी ठळक : "उघडी जखम, नस तुटल्याची शंका, फोनवर बोललो आहे" किंवा "तीन आठवडे झाले, तपासणीसाठी". आणि जखम शिवण्यापूर्वी, भूल टोचण्याच्या आधी, पेन. भूल दिल्यावर बोट बधिर होणारच, मग काय कळणार.


सिस्टर पंचवटी | गुरुवार, सकाळी ७.०५

"भूल टोचण्याच्या आधी" हे लाल शाईने लिहा सर.


गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ९.३०

काल रात्री स्वतःच्या तर्जनीवर पेन फिरवून पाहिलं. एका बाजूला खरंच सरसर घसरतं. सात वर्षं झाली, आता काही होईल का?


हाडं आणि सांधे | गुरुवार, सकाळी ११.००

@गोदाकाठ : बोटाच्या संवेदनेचं स्नायूसारखं नसतं, तिला तितकी कडक मुदत नाही. दाबल्यावर वीज मारणारी गाठ असेल, काम अडत असेल, तर दाखवून जा. अडत नसेल तर चुलीपाशी आणि सुरीपाशी जपा.


शिवारातला डॉक्टर | साडेचार महिन्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

धागा वर काढतोय, मुलाचं कळवायला.

धाग्यावर सल्ला मिळाला त्याच आठवड्यात तो सर्जनकडे गेला. नस पूर्ण तुटलेली निघाली, मधे गाठ. पोटरीतली नस काढून तीन सेंटिमीटरचा जोड दिला. पावलाच्या बाहेरच्या कडेला आता त्याला थोडं बधिर लागतं, त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. फिजिओताईंनी वळलेली बोटं सरळ ठेवणारा साचा बनवून दिला, तो घालून तो आयटीआयला जातो.

मी दर महिन्याला नसेवरून बोटाने हलकं टिचकी मारत जातो. जिथे करंगळीत झिणझिणी उठते, तिथे कातडीवर पेनाने खूण करतो आणि जोडापासून अंतर मोजून कार्डावर लिहितो. दुसऱ्या महिन्यात २ सेंटिमीटर. तिसऱ्यात ५. आज साडेसात, तळहाताच्या मध्याच्या थोडं खाली. कागद अजून निसटतो. पण आज करंगळी बाहेर ढकल म्हटलं तेव्हा मुळाशी कातडीखाली काहीतरी थरथरलं. त्यालाही दिसलं. त्याने तीनदा करून दाखवलं.


जुना कुष्ठसेवक | साडेचार महिन्यांनी, शनिवार, रात्री ९.४०

कार्डावर "लुळा" खोडून "अशक्त" लिहा डॉक्टरसाहेब. आजची तारीख घाला.